पोस्टकार्डाला उत्तर आले होते

१९७४ सालची गोष्ट. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिला त्या काळी सर्वजण टाटा इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखत, शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला सूचनाफलकावर टेल्कोची जाहिरात दिसली. पुण्याच्या मोटार कारखान्यासाठी हुशार आणि कष्टाळू तरुण अभियंते हवे होते. जाहिरातीच्या तळाशी एक ओळ होती. स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत. विद्यार्थिनी संतापली. तिने एक पोस्टकार्ड घेतले आणि थेट जे. आर. डी. टाटांना लिहून टाकले. ज्या टाटांनी या देशात पोलाद, रसायने, रेल्वे-इंजिने उभी केली, ज्यांच्या दातृत्वातून ही विज्ञानसंस्था निर्माण झाली, त्यांच्याच कंपनीने स्त्री-पुरुष असा भेद करावा याचे आश्चर्य वाटते, असा त्या पत्राचा आशय होता. टेल्कोचा प्रत्यक्ष कारभार सुमंत मुळगावकर पाहतात हेही तिला तेव्हा ठाऊक नव्हते.

ती विद्यार्थिनी म्हणजे सुधा कुलकर्णी, आजच्या राज्यसभा सदस्य आणि लेखिका सुधा मूर्ती. पुढचा प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. दहा-बारा दिवसांत तार आली, मुलाखतीला पुण्यास या, प्रवासखर्च कंपनी देईल. नोकरी मिळेल असे कोणालाच वाटत नव्हते. वसतिगृहातल्या मैत्रिणींनी मात्र पुण्याहून साड्या आणण्यासाठी तीस-तीस रुपये हातावर ठेवले. पिंपरीच्या कारखान्यात मुलाखत झाली, तांत्रिक प्रश्नांची उत्तरे तिने बिनचूक दिली. तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, की हे महाविद्यालय नाही, कारखाना आहे, यंत्रशाळेत आजवर आम्ही स्त्री घेतलेली नाही. कुठून तरी सुरुवात करावीच लागेल, नाही तर तुमच्या कारखान्यात स्त्री कधीच काम करू शकणार नाही, असे तिने उत्तर दिले. ती निवडली गेली आणि टेल्कोच्या यंत्रशाळेत काम करणारी पहिली स्त्री अभियंता ठरली.

ही कथा शाळाशाळांतून मुलींच्या जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण तिची दुसरी बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. त्या जाहिरातीत कोणाचा दुष्टावा नव्हता. ती ओळ लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला आपण कोणावर अन्याय करतो आहोत असे बहुधा वाटलेही नसेल. कारखाना म्हणजे तेल, घण, रात्रपाळी. तिथे भल्या घरच्या मुलीने कशाला यावे, असा सरळ हिशेब त्यामागे असावा. संकोचापोटी, काळजीपोटी, सवयीपोटी होणारा अन्याय हा द्वेषाने केलेल्या अन्यायापेक्षा ओळखायला अवघड असतो. त्याच संस्थेत चार दशकांपूर्वी, १९३३ मध्ये, कमला भागवत या मराठी मुलीला सी. व्ही. रामन यांनी ती स्त्री आहे एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारला होता आणि तिने हट्ट धरल्यावर वर्षभराच्या चाचणीच्या अटीवर तिला घेतले होते. पुढे केंब्रिजमधून डॉक्टरेट घेऊन आलेल्या, जैवरसायनशास्त्रात नाव मिळवणाऱ्या कमलाबाई सोहोनी त्या याच. रामन यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ जिथे चुकला, तिथे टेल्कोच्या एखाद्या कर्मचारी अधिकाऱ्याला काय बोल लावायचा! जमेची बाजू इतकीच की पोस्टकार्ड वाचले गेले, आणि लिहिणारीला उद्धट ठरवण्याऐवजी जाहिरातीतल्या ओळीचा फेरविचार झाला.

तेव्हापासून पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यात पुष्कळ पाणी वाहून गेले. चाकणला बजाज ऑटोने डॉमिनार मोटारसायकलीच्या जुळणीची साखळी स्त्रियांच्या हाती दिली. टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी या अवजड गाड्यांची जुळणी स्त्रिया करतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना बंद केलेली रात्रपाळी महाराष्ट्राने २०१५ मध्ये सुरक्षिततेच्या अटी घालून खुली केली. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये डायना पंडोल या पुण्याच्या तरुणीने, दोन मुलांच्या आईने, चेन्नईच्या धावपट्टीवर राष्ट्रीय मोटार शर्यतीतील सलून गटाचे विजेतेपद मिळवले. पुरुष स्पर्धकांबरोबर धावून राष्ट्रीय विजेती होणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०१८ मध्ये स्त्रियांसाठी झालेल्या एका निवड उपक्रमातून ती या खेळात आली होती.

मोटार शर्यतीचे एक वैशिष्ट्य विचार करण्यासारखे आहे. धावण्याच्या, पोहण्याच्या स्पर्धांत स्त्री-पुरुषांचे गट वेगळे, विक्रम वेगळे. इथे घड्याळ एकच. गाडीला चालकाचे लिंग कळत नाही. चालकाने वळण कितव्या क्षणाला घेतले आणि ब्रेक कुठे दाबला एवढेच तिला कळते. म्हणून या खेळात भेदभाव झालाच तर तो धावपट्टीवर क्वचितच होतो. तो आधी होतो. गाडी कोणाला मिळाली, पुरस्कर्ता कोणाला मिळाला, चांगला मेकॅनिक कोणाच्या वाट्याला आला, सरावाचे तास कोणाला दिले, हे सारे बंद दाराआड ठरते. फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेला १९५० मध्ये प्रारंभ झाला. तेव्हापासून आजवर एकाच स्त्रीच्या नावावर तिथे गुण जमा आहे, आणि तोही अर्धा. इटलीच्या लेला लोम्बार्डी १९७५ च्या स्पॅनिश शर्यतीत सहाव्या आल्या. ती शर्यत अपघातामुळे अर्ध्यातच थांबवली गेली होती, त्यामुळे गुणही अर्धाच मिळाला. १९९२ नंतर तर एकाही स्त्रीने त्या शर्यतीत उतरण्यासाठी पात्रता फेरीत भाग घेतलेला नाही.

जगाला समतेचे धडे देणाऱ्या पाश्चात्त्य समाजाचा हा सर्वांत झगमगता खेळ. शर्यत सुरू होण्यापूर्वी गाड्यांसमोर तोकड्या कपड्यांतील तरुणींना फलक धरून उभे करण्याची प्रथा या खेळाने २०१८ पर्यंत जपली. खेळाचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन यांनी २००५ मध्ये, स्त्रियांनी घरातल्या इतर उपकरणांसारखे पांढऱ्या पोशाखात असावे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. तेही डॅनिका पॅट्रिक या तरुणीने इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत चौथा क्रमांक मिळवला त्याच वर्षी. पॅट्रिकने तीन वर्षांनी जपानमध्ये इंडीकार शर्यत जिंकून त्याचे उत्तर दिले.

परंतु खरा कस लागतो तो तक्रार आल्यावर. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने एका संघप्रमुखाविषयी आणि फॉर्म्युला वनच्या व्यवस्थापनातील एका व्यक्तीविषयी हितसंबंधांच्या आरोपांची चौकशी चालू असल्याचे जाहीर केले. नावे दिली नव्हती, तरी बोट कोणाकडे आहे हे साऱ्यांना कळले. मर्सिडीज संघाचे प्रमुख टोटो वोल्फ आणि स्त्रियांच्या शर्यतमालिकेच्या प्रमुख असलेल्या त्यांच्या पत्नी सुझी वोल्फ. उरलेल्या नऊही संघांनी आम्ही अशी तक्रार केलेलीच नाही, असे एकाच शब्दांत कळवले आणि दोन दिवसांत महासंघाने प्रकरण मिटवले. सुझी स्वतः शर्यतीच्या गाड्या चालवलेल्या. मिटवण्यावर त्या समाधानी झाल्या नाहीत. मार्च २०२४ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या न्यायालयात तक्रार नोंदवली. स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवलेल्या पदाकडे नवऱ्याच्या कानाला लागण्याची जागा म्हणून पाहिले जाते, हे दुखणे पुण्यातल्या कार्यालयांतल्या स्त्रियांना परके वाटणार नाही.

दुसरे प्रकरण रेड बुल संघाचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये संघप्रमुख ख्रिश्चन हॉर्नर यांच्या विरोधात एका महिला कर्मचाऱ्याने अनुचित वर्तनाची तक्रार केली असल्याचे उघड झाले. हॉर्नर यांनी आरोप सातत्याने नाकारले. कंपनीने बाहेरच्या वकिलाकडून चौकशी करवली आणि महिन्याअखेर तक्रार फेटाळल्याचे जाहीर केले. अहवाल गोपनीय राहिला. दुसऱ्याच दिवशी निनावी ईमेलने कथित संदेशांचा गठ्ठा जगभरच्या पत्रकारांकडे पोहोचला. आठवडाभरात तक्रारदार स्त्रीच निलंबित झाल्याची बातमी आली. तिचे अपीलही ऑगस्टमध्ये फेटाळले गेले. पुढे जुलै २०२५ मध्ये हॉर्नर यांना कंपनीने पदावरून दूर केले, मात्र त्याचे कारण सांगितले नाही. या प्रकरणात खरे कोण आणि खोटे कोण, याचा निवाडा पुण्यात बसून करण्याचे कारण नाही. तो कोणाच्याच आवाक्यात ठेवलेला नाही, हीच खरी अडचण आहे. पुरुष निर्दोष असेल तर त्याचे निर्दोषत्व लोकांना पटले नाही, आणि स्त्रीची तक्रार खरी असेल तर तिला न्याय मिळाला नाही. चौकशी होऊनही दोघांच्याही पदरी संशयच पडला.

अशी प्रकरणे वाचली की आपल्याकडे एक प्रतिक्रिया ठरलेली असते. हे सारे पाश्चात्त्य भोगवादाचे फळ, आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे, आपण स्त्रीला मातेसमान मानतो. यात तथ्य नाही असे नाही. जाहिरातीच्या फलकासाठी स्त्रीदेह उभा करणे ही आपली रीत नव्हती, आणि ज्या चित्रवाहिन्यांनी ती आपल्या घरात आणून सोडली त्यांच्याविषयी बोलले पाहिजेच. तथापि, मातेसमान मानतो म्हणून कामाच्या जागी काही घडतच नाही, असे समजणे हा स्वतःला फसवण्याचा प्रकार आहे. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा आपला कायदा ज्या घटनेतून जन्माला आला ती राजस्थानातल्या खेड्यातली. भंवरी देवी ही शासनाची साधी ग्रामसेविका बालविवाह थांबवायला गेली, आणि त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर अत्याचार झाले. त्यातून सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा निर्णयाद्वारे मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि २०१३ मध्ये संसदेने कायदा केला. त्या गावात कोणताही पाश्चात्त्य भोगवाद पोहोचला नव्हता. पुण्यातही २००७ च्या नोव्हेंबरात बीपीओच्या रात्रपाळीला निघालेल्या तरुणीला कंपनीच्याच गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंजेजवळ नेऊन अत्याचार करून ठार केले. मालकाने पुरवलेले वाहनही कामाचे ठिकाण मानावे, ही तरतूद कायद्यात सहा वर्षांनी आली.

२०१३ चा कायदा आपल्याकडच्या सुशिक्षित घरांतही नीट वाचला गेलेला नाही. अनेकांच्या कल्पनेत तो आयटी कंपन्यांचा आणि बँकांचा कायदा आहे. प्रत्यक्षात त्यातील कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, क्रीडागार आणि स्पर्धेचे मैदान यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शर्यतीची धावपट्टी, तिच्या कडेची दुरुस्तीची जागा, प्रशिक्षणाचे वसतिगृह हे सारे त्यात येते. कर्मचारी या शब्दात पगारदारच नव्हे, तर कंत्राटी, शिकाऊ आणि मोबदला न घेता स्वेच्छेने काम करणारेही येतात. शर्यतीच्या दिवशी झेंडे घेऊन वळणावळणावर उभी राहणारी स्वयंसेवक मुलगीही आली. (ही व्याख्या सेवाभावी संस्थांनाही लागू पडते. आपापल्या संस्थेची समिती आहे की नाही, हे वाचकांनी एकदा पाहून घ्यावे.) दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष स्त्री, निम्मे सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची.

तरीही सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ च्या निकालात एका वृत्तपत्रीय पाहणीचा आधार घेऊन नमूद केले, की देशातील ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांनी अशी समिती नेमलेलीच नाही. कायदा होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती! त्या दिवसांत देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीर दिल्लीच्या जंतरमंतरवर बसल्या होत्या. त्या आंदोलनाला राजकीय रंग किती होता याची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली. त्या मुलींना महासंघाच्या आत दाद मागायला विश्वासाची जागा होती का, याची चर्चा त्यामानाने फारच थोडी झाली.

तो निकाल ज्या खटल्यात लागला तो गोव्याचा होता, आणि तो मुळातून पाहण्यासारखा आहे. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी छळाच्या तक्रारी केल्या. समितीने इतक्या घाईने बैठका उरकल्या, की त्या प्राध्यापकाला बचावाची पुरेशी संधीच मिळाली नाही. समितीच्या अहवालावरून त्याला बडतर्फ केले गेले. चौदा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाला सोडून झाल्याचे सांगत रद्द केली आणि चौकशी पुन्हा करण्यास फर्मावले. खोट्या तक्रारींच्या भीतीने या कायद्याकडे संशयाने पाहणारे सज्जन आपल्या वाचकांतही आहेत. त्यांनी हा निकाल आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या मुलींनी तक्रार केली त्यांचीही चौदा वर्षे गेली. चौकशी धड न केल्याचा भुर्दंड दोन्ही बाजूंना बसला. कायद्यात द्वेषबुद्धीने केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे. त्याच कलमात असेही म्हटले आहे, की आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. हे दोन्ही एका दमात वाचायला हवे, आणि तसे वाचणारा सदस्य समितीवर हवा. अनेक ठिकाणी समिती म्हणजे कर्मचारी विभागातल्या चार जणांची नावे आणि एखाद्या ओळखीच्या वकीलबाई, एवढेच असते.

भारतीय मजदूर संघाने दत्तोपंत ठेंगडींच्या विचारातून कारखान्याकडे वर्गसंघर्षाचे रणांगण म्हणून नव्हे, तर उद्योगकुटुंब म्हणून पाहिले. ही दृष्टी थोर आहे. मात्र तिचा सोयीस्कर अर्थ काढणारेही कमी नाहीत. 'आपण सारे एका कुटुंबातले, बाहेर कशाला बोलायचे', हे वाक्य अनेक मुलींना त्यांच्या वरिष्ठांकडून ऐकावे लागते, आणि संध्याकाळी घरी तेच वाक्य वडिलांकडून. 'बाळ, तू नोकरी सोड, दुसरी मिळेल.' वडिलांच्या बोलण्यात माया असते, यात शंका नाही. पण नोकरी मुलीची सुटते आणि ज्याने त्रास दिला त्याची पदोन्नती होते. कुटुंबात मुलीने मोठ्या काकाविरुद्ध गाऱ्हाणे केले तर तिला गप्प बसवणे ही कुटुंबधर्माची शिकवण नव्हे. जिजाऊंच्या शिवबाने रांझ्याच्या पाटलाला त्याच्या वतनाकडे पाहून सोडले नव्हते. आपण दर वर्षी ती कथा बालशिबिरात सांगतो, आणि कारखान्यातल्या पाटलाचा विषय निघाला की थोडे समजुतीने घ्या म्हणतो.

छळाविषयीचा कायदा आहे, भेदभावाचे काय? टेल्कोच्या जाहिरातीनंतर दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, समान वेतनाचा कायदा झाला आणि त्याने नोकरभरतीतही स्त्री म्हणून डावलण्यास मनाई केली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत तो सामावला गेला आहे. त्यामुळे आज तशी ओळ कोणी छापणार नाही. आज ती बोललीही जात नाही, नुसती पाळली जाते. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून विद्यार्थी स्वतः शर्यतीची गाडी बांधतात, पीथमपूरसारख्या ठिकाणी ती स्पर्धेला नेतात. त्यासाठी महिनोन्‌महिने कार्यशाळेत रात्री जागवतात. त्या चमूतल्या मुलीच्या हाती पाना येतो, की अहवाल लिहिण्याचे आणि पुरस्कर्त्यांकडे जाऊन बोलण्याचे काम येते, हे ज्या पालकांची मुले तिथे आहेत त्यांनी सहज विचारून पाहावे. रात्री कार्यशाळेत थांबायचे तर सोबत कोण, स्वच्छतागृह कुठे, परत कसे यायचे, हे प्रश्न मुलीला कामातून वगळण्यासाठी विचारले जातात, की तिला काम करता यावे म्हणून सोडवले जातात, यावर सारे अवलंबून आहे. सुधा कुलकर्णी हुबळीच्या महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकत होत्या तेव्हा तिथे मुलींसाठी स्वच्छतागृहच नव्हते. त्याही काळात काळजी करणारे पुष्कळ होते, बांधून देणारे नव्हते.

आणखी एक व्यावहारिक बाब. फॉर्म्युला वनच्या संघात शेकडो माणसे असतात. आपल्याकडे शर्यतीच्या गाड्यांची निगा राखणारी गॅरेजे पाच-सात माणसांची असतात. भोसरी-चिखलीच्या सुटे भाग करणाऱ्या असंख्य छोट्या शेडसुद्धा तशाच. तिथे दहा माणसे नाहीत, म्हणून अंतर्गत समिती नाही, आणि मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जायचे कुठे? यासाठी कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समितीची सोय केली आहे. ती नेमण्याची जबाबदारी जिल्हा अधिकाऱ्याची. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना पुन्हा बजावावे लागले, की जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या स्थापन करा, तालुक्याला तक्रार स्वीकारणारा अधिकारी ठेवा. तक्रार लेखी द्यावी लागते. मुलीला स्वतः लिहिता येत नसेल तर समितीने तिला लिहून देण्यास साहाय्य करावे, असेही कायद्यात आहे. पुण्यातल्या एखाद्या शाखेने, महिला मंडळाने किंवा मजदूर संघाच्या कार्यालयाने या समितीचा पत्ता आणि सदस्यांची नावे मिळवून भोसरीच्या चहाच्या टपऱ्यांजवळ लावली, तर त्याला कोणाची परवानगी लागणार नाही.